दगड, वीट आणि वरीलपैकी कोणीही नाही

लांजा तालुक्यात खावडी नावाचे गाव आहे. तिथल्या एका निवडणुकीत ४४१ वैध मते पडली. निवडून आलेल्या उमेदवाराला त्यातली १३० मिळाली आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला, म्हणजे ज्याला आपण सगळे 'नोटा' म्हणतो त्याला, २१० मिळाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नोटाविषयी एक महत्त्वाचा आदेश काढला. त्या वेळी तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त जे. एस. सहारिया यांनी जी चार-दोन उदाहरणे पुढे ठेवली, त्यांत पुणे आणि नांदेड जिल्ह्यांतल्या गावांबरोबर आमच्या तालुक्यातले खावडी होते. वर्तमानपत्रांनी ती बातमी 'नोटाचा विजय' अशा थाटात छापली आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून गेले.

मला मात्र त्या आकड्यांनी बरेच दिवस धरून ठेवले. ४४१ मधून १३० आणि २१० वजा केले की १०१ उरतात. ती इतरांकडे गेली. म्हणजे गावातल्या २१० माणसांनी मनात आणले असते तर मागे पडलेल्यांपैकी कोणालाही सहज निवडून आणले असते. सरपंच ठरवण्याची पूर्ण ताकद त्यांच्या बोटात होती आणि ती त्यांनी वापरली नाही. उलट बाजूने पाहा: १३० आणि १०१ मिळून २३१ होतात. कोणा ना कोणा उमेदवाराला पसंत करणारे लोक नोटावाल्यांपेक्षा जास्तच होते. नोटाला सर्वांत जास्त मते पडली हे खरे, पण निम्मी नव्हेत, ४७.६ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या मानकरवाडीत ३३० पैकी २०४ मते नोटाला होती, तिथे गावाचे स्पष्ट बहुमतच नकाराचे होते. बोरी ग्रामपंचायतीत तर नोटाचे प्रमाण ८५.५७ टक्के होते. (आणखी एका गावाचे आकडे तेव्हा छापून आले. त्यांची बेरीज एकूण मतांहून अधिक भरते, म्हणून ते गाव मी बाजूला ठेवले आहे.)

समोर उभ्या असलेल्या माणसांचे दोष आणि त्यांचा स्वार्थ मतदार कसा तोलतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो मी मुद्दाम लहान गावापासून सुरू करतो, कारण आपल्या देशात एका माणसाला एका पदासाठी सगळ्यांनी मिळून थेट निवडायचे, असे प्रसंग फारच थोडे. राष्ट्रपतींना खासदार-आमदार निवडतात. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री बहुमताच्या जोरावर होतात. फ्रान्सचा मतदार आपल्या राष्ट्राध्यक्षाला जसे थेट मत देतो (अमेरिकेत मध्ये निर्वाचक मंडळ आहे, पण मतदाराच्या डोळ्यांपुढे माणसेच असतात), तसे मत आपण महाराष्ट्रात फक्त सरपंच आणि नगराध्यक्ष या दोन पदांसाठी देतो. तेही नेहमी नाही. नगराध्यक्ष २०१६ साली थेट निवडले गेले. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली. २०२० मध्ये आघाडी सरकारने दोन्ही पदे पुन्हा सदस्यांच्या हाती दिली आणि जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने ती परत मतदारांकडे आणली. ज्याला ज्या पद्धतीत फायदा दिसला त्याने ती पद्धत लोकशाहीच्या नावाने आणली, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हेतू काहीही असो, त्यामुळे आपल्याला एक चांगली प्रयोगशाळा मिळाली.

जुन्या पद्धतीत मतदाराला तोलामापाचे कामच फारसे नव्हते. आपल्या वाडीचा, आपल्या भावकीतला सदस्य निवडायचा. पुढे सदस्यांनी सरपंच कोणाला करायचे ते बसून ठरवायचे, आणि ते कसे ठरायचे हे गावाला बरोबर माहीत असायचे. सरपंच वाईट निघाला तर 'आम्ही कुठे निवडला?' म्हणायची सोय होती. थेट निवडणुकीत ती सोय गेली. आता बौद्धवाडीने, कुणबीवाडीने, मराठवाडीने, मुसलमान मोहल्ल्याने एकाच चिठ्ठीवरच्या त्याच दोन-तीन नावांकडे पाहायचे असते, आणि एकाही वाडीची मते एकटीने पुरत नाहीत.

कायद्यानेही उमेदवाराच्या दोषांची एक यादी केली आहे. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ वाचण्यासारखे आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले असेल तर माणूस अपात्र. घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी होऊन ठरलेल्या मुदतीत भरली नाही तर अपात्र. शासकीय जागेवर अतिक्रमण असेल तर अपात्र, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात सांगितले की अतिक्रमण नवऱ्याचे वा सासऱ्याचे असले आणि सदस्य तिथेच राहत असली तरी ती अपात्रच. राखीव जागेवर उभे राहिल्यास जातवैधता लागते. निवडणूक खर्चाचा हिशेब दिला नाही तर पुढची काही वर्षे निवडणुकीला बंदी. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, पंचायतीच्या कामात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा आहे तो अपात्र. म्हणजे स्वार्थ हा कायद्याच्या लेखी दोषच आहे.

आता गावात जाऊन ऐका. गेली अनेक वर्षे मी या तालुक्यातल्या निवडणुकांच्या आधी आणि नंतर लोकांशी बोलत आलो आहे. कलम १४ मधला एकही मुद्दा कोणी आपणहून काढलेला मला आठवत नाही. तिसरे मूल निघते ते विरोधकाच्या वकिलाच्या तोंडून, निकालानंतर. ठेकेदारी निघते, पण तक्रार म्हणून क्वचितच. एका वयस्क शेतकऱ्याने मला आमच्याकडचे गणित एका वाक्यात सांगितले: "खातो तो खातो, पन दारात गेलो तर बसा म्हनतो."

हे ऐकून शहरातला वाचक म्हणतो की लोकांना भ्रष्टाचाराचे काही वाटतच नाही. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. आपल्या भाषेत 'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण आहे. तिच्यात चाखण्याला परवानगी आहे, तळे आटवण्याला नाही. गावातला मतदार नेमकी हीच रेघ ओढतो. दोष केवढा मोठा, असे तो विचारत नाही. तो दोष कोणाच्या अंगावर पडणार, एवढे विचारतो.

दोन उदाहरणे घेऊ. एक उमेदवार ठेकेदार आहे. पाखाडीच्या कामात, साकवाच्या कामात तो पैसे काढणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो पैसा वरून आलेला असतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात पंचायतराजच्या वाट्याचे अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले. जिल्हा परिषद, पंचायत समिती मधून बाजूला झाल्या. पंधराव्या आयोगाने त्या दोघींना पुन्हा थोडा वाटा दिला, तरी मोठा हिस्सा गावाकडेच राहिला. धनादेशावर सह्या सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या. ज्या गावाची घरपट्टीची वसुली नाममात्र असते, तिथे एकाएकी लाखांत रक्कम येऊ लागली. या रकमेतून कोणी काही काढले तर ते माझ्या खिशातून गेले असे मतदाराला वाटत नाही. पाखाडी झाली, पावसात पाय घसरायचा थांबला, एवढे त्याला दिसते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो चुकतो. पण तो मूर्ख नाही. लहान गावात पाठपुरावा करून मंजुरी आणणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याला त्या कामात चार पैसे सुटणार असतात, हे त्याने पाहिलेले असते. ज्याला काहीच सुटणार नाही तो तालुक्याला हेलपाटे मारायचा थांबतो. उमेदवाराचा स्वार्थ इथे दोषाच्या पारड्यात पडत नाही, जामीन म्हणून पडतो.

दुसरा उमेदवार एक पैसा खाणारा नाही. पण त्याने शेजाऱ्याच्या पाणंदीवर गडगा घातला आहे, किंवा दाखल्यासाठी आलेल्या माणसाला तीनदा परत पाठवले आहे, किंवा एका वाडीच्या मयताला तो गेला नव्हता. हे दोष कुठल्याही शपथपत्रात लिहायची सोय नाही. मात्र ते अंगावर येणारे आहेत. आज शेजाऱ्याची पाणंद गेली, उद्या माझी जाईल. रात्री-अपरात्री सापाने चावलेल्या माणसाला लांज्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथून रत्नागिरीला न्यायचे असेल तर हा गाडी काढेल का? जो मयताला आला नाही तो काढणार नाही, असे लोक धरून चालतात. म्हणून निष्कलंक माणूस पडतो आणि ठेकेदार निवडून येतो, आणि शहरातले आपण कपाळाला हात लावतो.

या तराजूत कोकणात आणखी एक गुंता आहे, तो म्हणजे चाकरमानी. चारशे-पाचशे मतांच्या गावात मुंबईहून, म्हणजे हल्ली नालासोपारा-विरार-दिव्याहून आलेल्या एक-दोन बसगाड्या निकाल फिरवतात. गाडी कोणी केली, हा प्रचाराचा मुख्य विषय असतो. चाकरमान्याला सरपंचाचे रोजचे दोष सोसावे लागत नाहीत. तो गणपतीला, शिमग्याला येणार. त्याला हवी असते घरापर्यंत गाडी जाईल अशी वाट, देवळाची दुरुस्ती, आणि सगळ्यांत आतली गोष्ट म्हणजे नमुना ८ मध्ये घर आपल्या नावावर नीट राहणे. भाऊबंदकीच्या घरात कोणाचे नाव चढले आणि कोणाचे उतरले, याची भीती मुंबईत बसलेल्या माणसाला जास्त असते. त्यामुळे एकाच उमेदवाराचा एकच दोष गावातल्या सुनेला असह्य वाटतो आणि तिच्या दिराला विरारमध्ये तो ऐकूही येत नाही. गावात कायम राहणारे आणि सणाला येणारे यांची मते वेगळी मोजता आली असती तर आमच्या कितीतरी निकालांचे कोडे सुटले असते.

स्त्री उमेदवारांचा मुद्दा इथेच सांगतो. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. चिठ्ठीवर नाव बाईचे असते आणि तोलला जातो तिचा नवरा. त्याची दारू, त्याचे कर्ज, त्याची ठेकेदारी, सासऱ्याचे जुने भांडण. वर सांगितलेल्या जनाबाईंच्या निकालाने कायद्यानेही एका अर्थी तेच केले. बाईचे स्वतःचे गुणदोष तोलायला गाव तयार होते ते ती निवडून येऊन दोन-तीन वर्षे गेल्यावर, आणि तोवर पुढचे आरक्षण बदललेले असते.

ही तोलण्याची रीत खेड्यातली, अडाणी, भारतीय अशी कोणाची समजूत असेल तर त्याने फ्रान्सची २००२ सालची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पाहावी. जाक शिराक तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. त्याआधी १९७७ ते १९९५ अशी अठरा वर्षे ते पॅरिसचे महापौर होते आणि त्या काळात पक्षाच्या माणसांना पालिकेच्या खर्चाने पगार दिल्याचे आरोप त्यांच्यामागे होते. २१ एप्रिलच्या पहिल्या फेरीत त्यांना अवघी १९.८८ टक्के मते पडली. दुसरे आले अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन, १६.८६ टक्के. समाजवादी पंतप्रधान लिओनेल जॉस्पँ १६.१८ टक्क्यांवर बाहेर पडले. म्हणजे डाव्या विचाराच्या मतदाराला दुसऱ्या फेरीत आपला माणूसच उरला नाही. मग 'भामटा चालेल, फॅसिस्ट नको' अशा अर्थाची घोषणा भिंतींवर आली. नाकाला चिमटा लावून मत द्यायची भाषा झाली. ५ मे रोजी शिराक ८२ टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आले. पुढे डिसेंबर २०११ मध्ये न्यायालयाने त्यांना त्याच महापौरकीच्या प्रकरणात दोषी धरले आणि दोन वर्षांची स्थगित शिक्षा दिली. मतदारांना हे अनपेक्षित नव्हते. त्यांनी दोष ओळखून मत दिले होते. पालिकेचा पैसा गेला तो सगळ्या पॅरिसचा, थोडा थोडा. ल पेन आले असते तर घाव ठरावीक माणसांच्या अंगावर पडला असता, अल्जीरियातून आलेल्यांच्या, मुसलमानांच्या, ज्यूंच्या. आमच्याकडे यालाच 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणतात.

पण त्या ८२ टक्क्यांकडे जरा थांबून पाहायला हवे. मोजणीच्या कागदावर ते शिराक यांच्यावरचे प्रचंड प्रेम दिसते. प्रत्यक्षात त्यातली बहुतेक मते नाक दाबून दिलेली. मतपत्रिका फक्त तुलनेचा निकाल नोंदवते. दगड आणि वीट यांत वीट निवडली, एवढेच तिला कळते. वीट किती टोचली, हे तिला कळत नाही. आणि निवडून आलेला माणूस सोयीस्करपणे विसरतो की त्याला पसंत करून आणलेले नाही.

अमेरिकेत २०१६ साली याची दुसरी बाजू दिसली. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत सुमारे १८ टक्के लोक असे निघाले की त्यांना डोनाल्ड ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन हे दोघेही नापसंत होते. या लोकांपैकी ४७ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिले आणि ३० टक्क्यांनी क्लिंटन यांना. दोघेही नकोत तरी इतका फरक का पडावा? मला यात आमच्या गावातली एक ओळखीची चाल दिसते. क्लिंटन तीस वर्षे डोळ्यांपुढे होत्या, त्यांच्या दोषांची किंमत लोकांनी मोजून ठेवली होती. ट्रम्प यांनी त्याआधी एकही सरकारी पद भूषवले नव्हते, त्यांच्या दोषांची किंमत अजून कोणी भरली नव्हती. ज्याला सध्याच्या स्थितीत काही मिळत नाही, त्याला न भरलेली किंमत स्वस्त वाटते. आमच्याकडे 'एकदा याला बघू या' म्हणून जी मते पडतात ती याच जातीची. ज्याचे बरे चालले आहे तो माणूस सहसा 'बघू या' म्हणत नाही.

दोष कमी असले की निवडून येता येते, असेही नाही. आमच्या भागातल्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने मधू दंडवते यांना १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून दिले. रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले, आणि त्यांच्यावर पैशाचा डाग कोणी लावला नाही. जुलै १९९० मध्ये, ते अर्थमंत्री असताना, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, याच मतदारसंघाने त्यांना पाडले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. आज विलवडे, आडवली स्थानकांवर उतरणारा माणूस दंडवत्यांचे नाव आदराने घेतो. मत देण्याच्या दिवशी मात्र निष्कलंकपणाचे वजन त्या दिवसाच्या इतर वजनांशी तोलले जाते, स्वतंत्रपणे त्याला भाव नसतो.

आतापर्यंत एकेका मतदाराचे बोललो. कधी कधी अख्खे गाव एकत्र बसून स्वार्थ तोलते, आणि तिथे प्रकरण अवघड होते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे आढळले. उमराण्यात बोली दोन कोटींच्या घरात गेली होती आणि पैसा देवळासाठी होता. लोक हसले, चिडले. पण लिलाव लावणाऱ्या गावाचा विचार समजून घ्या. निवडणुकीत उमेदवार पैसा वाटणारच, तो घरोघरी जाणार, दारूत जाणार. त्यापेक्षा तो एकदम देवळात गेला तर सगळ्यांचा. आणि इतका पैसा घालणारा तो वसूल करणार नाही का? करणार, पण तो वरून येणाऱ्या निधीतून करील. पुन्हा तीच रेघ: दोष कोणाच्या अंगावर पडतो? या हिशेबात गावाने स्वतःचे मत मात्र विकून टाकले. त्या दोन कोटींत ज्याची ऐपत नाही त्याची उमेदवारी कायमची संपली.

आमच्याकडे लिलाव नसतो, गावकी असते. देवळात गावकर-मानकरी बसतात, मुंबई मंडळाचे पदाधिकारी येतात, आणि 'बिनविरोध करू या' असे ठरते. भांडण टळते, खर्च वाचतो, हे फायदे खोटे नाहीत. पण बिनविरोध निवडणुकीत मतदानच होत नाही, त्यामुळे नोटाही नसतो. २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात हेच झाले. तिथे सगळे प्रतिस्पर्धी अर्ज बाद किंवा मागे झाले आणि एकाही सुरतकराला बोट उचलता आले नाही. त्याच वेळी इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, पण इतर किरकोळ उमेदवार राहिल्याने मतदान झाले, आणि तिथे नोटाला २,१८,६७४ मते पडली. लोक तसेच, राग तसाच, एका शहरात नोंदला गेला आणि दुसऱ्यात नाही.

नोटा आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने. त्याआधीही 'मला कोणालाच मत द्यायचे नाही' असे म्हणता येत होते, १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या ४९-ओ नुसार. पण ते केंद्राध्यक्षाला तोंडी सांगावे लागे आणि नोंदवहीत तशी नोंद होई. म्हणजे केंद्रात बसलेल्या दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना कळले. ज्या गावात उद्या त्याच माणसाच्या ट्रॅक्टरने नांगरट करून घ्यायची आहे तिथे हे कोण करणार? नोटाची खरी भर ही गुप्ततेची आहे.

त्यामुळेच गावातल्या नोटाचा अर्थ लावताना जपायला हवे. 'सगळे उमेदवार वाईट' एवढाच तो अर्थ नसतो. दोन्ही उमेदवार भावकीतले असले तर नोटा हा दोघांशी संबंध राखण्याचा मार्ग असतो. आरक्षणामुळे गावाला हवा तो माणूस उभाच राहू शकला नाही, तर नोटा ही त्याची आठवण असते. रस्ता दिला नाही म्हणून वाडीने ठरवून नोटा दाबलेला असतो. नकाराची ही सगळी कारणे शेवटी एकाच बटणावर येतात. वीट किती टोचते हे सांगायला मतदाराला जागा हवी होती. ती मिळाली, पण एका शब्दाची.

आयोगाच्या ६ नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाने त्या शब्दाला थोडी धार दिली. नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचे, आणि त्याला सर्वांत जास्त मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. गंमत अशी की उदाहरणे दिली ती ग्रामपंचायतींची, आणि आदेशात नावे होती महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींची. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर काय? तर नोटा वगळून ज्याला जास्त मते असतील तो निवडून आला. शिवाय पहिल्या वेळी नाकारलेल्या उमेदवारांना पुन्हा उभे राहायला आडकाठी नव्हती. हरियाणाच्या राज्य निवडणूक आयोगाने त्यानंतर लगेच असाच आदेश काढला, त्यात मात्र नोटापेक्षा कमी मते मिळालेल्यांना फेरनिवडणुकीत बंदी घातली. मला हरियाणाची तरतूद सरस वाटते. नाही म्हटल्यावर तीच दोन ताटे पुन्हा पुढे ठेवायची आणि दुसऱ्यांदा नाही म्हटले तर पहिले ताट वाढायचे, याला विचारणे म्हणत नाहीत.

लांजा आता नगरपंचायत आहे. सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या स्थानिक निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरकायला सांगितल्या होत्या. इथला मतदार दोन मते देतो, एक आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आणि एक नगराध्यक्षाला. २०१६ च्या निवडणुकांत राज्यातल्या कितीतरी गावांनी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचे असा निकाल दिला. कारभार अडला, म्हणून राजकीय पक्षांना तो मतदारांचा गोंधळ वाटला. माझ्या मते तिथे मतदाराने दोन वेगळे तराजू वापरले होते. नगरसेवक हा गटाराचा, नळाचा, दिव्याचा. त्याचा स्वार्थ आपल्या गल्लीच्या स्वार्थाशी जुळला की पुरे. नगराध्यक्ष सगळ्यांचा, तिथे दुसऱ्या प्रभागाने त्याच्याविषयी काय म्हटले हेही ऐकावे लागते.

राहता राहिले खावडी. समजा फेरनिवडणुकीचा हा नियम तिथे लागू असता आणि त्या २१० जणांनी दुसऱ्यांदाही नोटाच दाबला असता, तर १३० मतांचा उमेदवारच सरपंच झाला असता. आणि ती १०१ मते एकाच उमेदवाराची असतील, तर २१० पैकी फक्त ३० जण त्याच्याकडे वळले असते तरी निकाल फिरला असता, १३१ विरुद्ध १३०. उरलेल्या १८० जणांचे मत काय होते, हे तेव्हाही कोणाला विचारावे लागले नसते.